आवाजाने करंट सरकतो, पण लोडशेडिंग जात नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

भुसावळला माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. परवा एका गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवला, की आवाजाच्या लहरींनी करंट चालवता येतो, आता शेतीचं लोडशेडिंग जाणार. यातला पहिला भाग खरा आहे आणि फार भारी आहे, दुसरा साफ चुकीचा, आणि रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरणाऱ्या माणसाला अशी खोटी आशा दाखवलेली मला सहन झाली नाही म्हणून लिहितोय.

हा आवाज भोंग्याचा नाही. आपल्या कानाला 20 हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, ही लहर कोट्यवधी हर्ट्झची असते, आणि ती लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकाच्या वरच्या थरातून सेकंदाला साधारण 4 किलोमीटरने पळते. असा स्फटिक दाबला-ताणला की त्यात वीजदाब तयार होतो, हा गुण क्यूरी बंधूंनी 1880 मध्येच दाखवला होता. त्यावर ग्राफीन ठेवायचं, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, जो गाइम आणि नोवोसेलोव यांनी 2004 मध्ये मँचेस्टरला ग्रॅफाइटवरून साध्या चिकटपट्टीने सोलून काढला (2010 चं नोबेल त्यांना ग्राफीनच्याच कामाचं). खालून लहर गेली की स्फटिक दाबला-ताणला जातो, आणि त्या वीजदाबाने ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन लहरीसोबत ओढले जातात. आई सुपात दादर ज्वारी पाखडते तेव्हा दाण्याला बोटसुद्धा लावत नाही, नुसता झटका देते आणि दाणे सरकतात, तसंच काहीसं. लहर उलट्या बाजूने सोडली की करंटही उलटा.

पण ती लहर उठवायलाच मुळात वीज द्यावी लागते, आणि परत मिळतो तो करंट अगदी बारीक. म्हणजे हे वीज बनवायचं यंत्र नाहीच, वीज हाकायची युक्ती आहे, उद्या सेन्सरमध्ये, चिपमध्ये कामाला येईल अशी.

आणि ही लहर काही परकी नाही हो, फोनच्या नेटवर्क सेक्शनमध्ये दादरच्या दाण्यापेक्षा बारीक फिल्टर असतात, त्यातल्या बऱ्याच फिल्टरमध्ये हीच लहर पळते. मी कितीतरी वर्षं ते हॉट एअरने काढतो-बसवतो, आत आवाज आहे हे मलाही उशिराच कळलं.

साहेब, जळगावच्या आपल्या विद्यापीठातल्या फिजिक्सच्या एखाद्या सरांकडून यावर सोप्या मराठीत अर्धं पान लिहून घ्या ना. छापलंत तर कात्रण मी दुकानाच्या काउंटरला लावीन, त्या मेसेजवाल्याला तिथंच वाचायला देतो.

आपला रोजचा वाचक,
एक मोबाइल मेकॅनिक, भुसावळ