मामाजींना पुन्हा ओट्याखाली उतरवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखाल ते 'खुबावाल्या बाबांची सून' म्हणून. ग्रामीण रुग्णालयाच्या कोपऱ्यातल्या त्या खोलीत, जिथे पंखा फिरतो पण वारा काही येत नाही, तुम्ही इतकी माणसं तपासता की नाव लक्षात राहणं शक्यच नाही. तोंडी आभार मानायला आले तर तुम्ही 'पुढचा पेशंट पाठवा' म्हणाल. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या किती घरांत म्हातारं माणूस पडतं, ऑपरेशन होतं, आणि मग चालायला काय घ्यायचं ते दुकानातला पोरगा ठरवतो.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पोळ्याच्या सुमारास अंगणात घसरले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुटी देताना कागदावर नुसतं 'वॉकर' लिहून दिलं. कोणता, केवढा, कसा धरायचा, काही नाही. पुण्याच्या भाच्याने मायेपोटी ऑनलाइन मागवून पाठवला: चार चाकं, हँडलला ब्रेक, मधे बसायला सीट. सारी गल्ली पाहायला आली. मामाजींनी अंगणात दोन पावलं टाकली अन् ओरडले, "बाप्पा, हे त माह्या आंधी पयते!"

तो किस्सा ऐकून तुम्ही हसला नाहीत. चाकांच्या वॉकरवर अंगाचा भार टाकला की तो पुढे सरकणारच, म्हणालात. ज्याचा तोल बरा आहे, पण दम लागतो, मधे बसावं लागतं आणि चालायला सपाट सिमेंट आहे, त्याच्यासाठी ती वस्तू उत्तम. ज्याला पायावरचा भार हातावर घ्यायचा आहे, त्याच्यासाठी नाही. (तो वॉकर वाया गेलेला नाही. सध्या त्याच्या सीटवरून तुरीचं पोतं माजघरात जातं. भाच्याला सांगितलेलं नाही.)

मला सर्वांत जास्त आठवतं ते पुढचं. पाय तपासायच्या आधी तुम्ही घराची चौकशी केली. अंगण शेणाने सारवलेलं की फरशीचं? उंबरठा केवढा? संडास घरात की परसात? रात्री किती वेळा उठतात? आणि मग थेट मामाजींना विचारलंत, "बाबा, तुम्हाला जायचं कुठे आहे?" तोवर सगळे त्यांच्या डोक्यावरून माझ्याशीच बोलत होते. ते जरा सावरून बसले आणि म्हणाले, "वावरात." तुम्ही नाही म्हणाला नाहीत. 'आधी संडास, मग ओटा, मग पार, मग वावर' असा क्रम लावून दिलात आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन लावून पायावर किती भार द्यायचा तेही विचारून घेतलंत.

दाराचं माप आणायला सांगितलंत तेव्हा घरात टेप नव्हता. मी सुतळी लावली आणि गाठी मारून आणल्या. बिनचाकाचा घडीचा वॉकरसुद्धा साधारण दोन फूट जागा खातो, आणि आमच्या न्हाणीचं दार त्याहून अरुंद निघालं. अशा दारातून लोक वॉकर आडवा करून घुसतात आणि नेमके तिथेच पडतात, असं तुम्ही सांगितलंत. मग वॉकर दाराशी ठेवायचा आणि आत भिंतीला धरायला दांडा लावायचा, असं ठरलं. गावातल्या वेल्डिंगवाल्याने पाण्याच्या लोखंडी पाइपाचा तुकडा भिंतीत पक्का बसवून दिला. आता न्हाणीतून बाहेर येताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाईही, तोच धरतात, कबूल मात्र करत नाहीत.

उंचीचं तर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. वॉकरच्या पायांना भोकं असतात आणि बटण दाबून तो कमीजास्त होतो, हेही नाही. तुम्ही मामाजींना रोजच्या चपला घालून सरळ उभं केलंत, हात सैल सोडायला लावलेत आणि वॉकरची मूठ बरोबर मनगटाच्या घडीशी आणलीत. धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, 20 ते 30 अंश. उंच झाला तर खांदे वर चढतात, बुटका झाला तर माणूस पुढे ओणवतो. चारही पायांची बटणं सारख्याच उंचीच्या भोकांत 'टक' वाजून बाहेर आली की नाही, ते माझ्याकडून बोट लावून तपासून घेतलंत. मग चाल शिकवलीत: आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. मामाजी आठवडाभर ते बैलाला हाकल्यासारखं मोठ्याने म्हणत चालायचे.

हाड जुळत आल्यावर वॉकर सोडून काठी द्यायची वेळ आली, तेव्हा खरी मजा झाली. मामाजींकडे वेळूची काठी होतीच, ढोरं हाकायची, खांद्याला लागेल एवढी. मेडिकलची काठी हातात घेणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. तुम्ही वाद घातला नाहीत. त्याच काठीवर मनगटाइतक्या उंचीला खूण केलीत, वरचा भाग कापून आडवी मूठ बसवून घ्यायला सांगितलीत आणि खाली रबरी बूच. कुठे चीर नाही ना, तेही हात फिरवून पाहिलंत. मूठ गावच्या सुताराने सागवानाची करून दिली, आणि ती काठी मामाजींनी पारावर सगळ्यांना दाखवली.

तिथेच भांडण पेटलं. तुम्ही काठी डाव्या हातात दिली होती आणि पाय दुखरा उजवा. अख्खा पार म्हणे, "ज्या पायाले दुखनं त्याच बाजूनं टेकाव लागते!" मामाजी डळमळले. पुढच्या खेपेला तुम्ही त्यांना जुवाचं उदाहरण दिलंत. उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर डावीकडे कलायला बघते, जू एकाच बैलावर असलं की दुसरी बाजू खाली येते तशी. ती तोलून धरायला उजव्या खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. डाव्या हातातली काठी ती बाजू उचलून धरते आणि दुखऱ्या खुब्यावरचा ताण कमी होतो. शिवाय उजवा पाय टाकताना डावा हात आपोआप पुढे येतोच. बस. त्या दिवसापासून पारावर मामाजीच मास्तर झाले. शेजारच्या काकांची काठीही त्यांनी हात बदलून दिली, काकांचा दुखरा गुडघा डावा होता.

शिबिरातून मिळालेली चार पायांची काठी मी आणली तेव्हाही तुम्ही ती जमिनीवर ठेवून दाखवलीत. फरशीवर घट्ट उभी. बाहेरच्या मातीत तीन पाय टेकलेले, एक हवेत. एका बाजूचा जोर गेलेल्या माणसाला ती घरात फार उपयोगी पडते, पण आमच्या अंगणात तीच पाडेल, म्हणालात. ती आता लकवा झालेल्या एका बाईंकडे आहे, आणि तिची उंचीही तुम्हीच बसवून दिलीत.

पैशाचं तुम्ही आपणहून सांगितलंत, याचं मोल वेगळं आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. त्यात 65 च्या पुढच्या आणि 2 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या माणसाला काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा 3000 रुपये आधार जोडलेल्या खात्यात मिळतात, आणि अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो, हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं शिबिरात फुकट मिळतात, तेही तुमच्याकडूनच कळलं. "फुकट मिळालं म्हणून उंची न बसवता वापरू नका," हे तुमचं वाक्य मी आता दहा जणींना ऐकवते.

मामाजी ओट्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकतात, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. चुकलं तर नात ओरडते. जमीन ओली असेतो मात्र वावर बंद, ही तुमची अट त्यांनी कुरकुरत पाळली, कारण काळ्या मातीत काठी रुतते आणि ओढून काढताना तोल जातो. पऱ्हाटीची उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, जमीन कडक झाली, तेव्हा धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत गेले. मी मागे होते. त्यांनी मला पुढे जायला सांगितलं, "तू असली का मले पडल्यावानी वाटते."

काठीचं बूच आता गुळगुळीत झालं आहे, खालच्या रेघा दिसत नाहीत. गुरुवारी तेवढ्यासाठी येते, जुनं मापाला घेऊन. सोबत गल्लीतल्या दोघी सासवा आहेत, त्यांच्या घरांच्या दारांची सुतळीही आणते. थोडी संत्री आणीन, ती मात्र 'पुढचा पेशंट पाठवा' म्हणून परत करू नका.

तुमची,
खुबावाल्या बाबांची सून