बाटलीवरचा इशारा मराठीत छापा : उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे. आमचं गाव दवाखान्यांचं, पार अथणी-चिकोडीकडचे पेशंटही इथंच येतात. काउंटरवर एक मागणी ठरलेली : "लिव्हरचं चांगलं टॉनिक द्या की." जरा खोदून विचारलं की कळतं, रात्रीच्या क्वार्टरवर उतारा हवा असतो. कधी बायको येते. चिठ्ठी नसते, नुसतं "पाय सुजल्यात, पोट फुगलंय" म्हणते. तिला मी टॉनिक विकत नाही, डॉक्टरकडं धाडतो. दारू पिणाऱ्याच्या पोटात पाणी धरायला लागलं म्हणजे यकृताचं बहुधा बरंच वाटोळं झालेलं असतं.

दारू जेवणासारखी पचत नाही. ती थेट रक्तात उतरते आणि तिची विल्हेवाट मुख्यतः यकृताला लावावी लागते. आधी अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं. हे जहाल असतं, पेशींतल्या डीएनएला इजा करतं. मग त्याचं ॲसिटेट होतं आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड. या कामाचा वेग ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे जवळपास ६० ग्रॅम अल्कोहोल. हिशेब करा : रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाला उसाच्या ट्रॅक्टरवर बसताना पुरती उतरलेली असेलच असं नाही. लिंबू, ताक, काळा चहा, आमच्याकडचं टॉनिक, यातलं काहीही तो वेग वाढवत नाही.

यकृत दारूच्या मागे लागलं की चरबी जाळायचं काम मागं पडतं आणि ती तिथंच साठते. या पायरीवर बाटली सुटली तर यकृत बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरतं. पुढं सूज, मग सिरॉसिस, म्हणजे यकृत आतून घट्ट आणि निकामी होत जाणं. तिथून परतणं अवघड. आणखी एक गोष्ट इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी माहीत हवी. दारू अंगात असताना यकृताचं नवी साखर तयार करणं मंदावतं. उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची शुगर एकदम घसरते, आणि घरचे "जास्त झालीय, झोपू द्या" म्हणून पांघरूण घालतात.

कर्करोगाचं तर कुणी नावच काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं, पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच पंगतीत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. जोडीला तंबाखू असली तर तोंडा-घशाचा धोका कैकपटींनी वाढतो, आणि आमच्या भागात ही जोडी क्वचितच फुटते! तासगावकडचे काही जण म्हणतात, वाइन आपल्या द्राक्षाचीच की. द्राक्ष असो, मळी असो वा धान्य, यकृतापुढं येतं ते इथेनॉलच, म्हणजे तेच अल्कोहोल.

तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा असतो. बाटलीवर मात्र बारीक इंग्रजीत 'आरोग्यास घातक' आणि 'पिऊन गाडी चालवू नका' अशा अर्थाच्या दोन ओळी. कर्करोगाचा शब्द नाही. ज्या माणसाला पॅरासिटामॉलची गोळी कशी घ्यायची ते मी मराठीत समजावून सांगतो, त्याला क्वार्टरवरचं हे इंग्रजी कोण वाचून दाखवणार?

दारूबंदी मागत नाही. महसुलाचं गणित मलाही कळतं, आणि कारखान्यांच्या मळीवर काय काय चालतं ते सांगलीकराला सांगायला नको. मागणं दोनच गोष्टींचं आहे. राज्याने इच्छा दाखवली तर हा इशारा राज्यभाषेत छापायची मुभा केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांतच आहे, ती वापरा. बाटलीवरचा मजकूर केंद्राचा असला तरी दुकानांचे आणि परमिट रूमचे परवाने तुमच्या खात्याचे आहेत. त्यांच्या अटींत दर्शनी मराठी फलक घाला. मजकूर असा चालेल : 'दारूमुळे तोंड, घसा, यकृत, आतडे व स्तनाचा कर्करोग होऊ शकतो. एक क्वार्टर शरीरातून जायला सहा ते आठ तास किंवा जास्त लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पिऊ नये.' तपासून घ्यायला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर आहेतच. अक्षरं दरपत्रकाएवढी ठळक ठेवा, ते सगळे वाचतात.

कळावे,
मिरजेतील एक औषधविक्रेता