ताबा दिसतो, मालकीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज छापून येणाऱ्या जाहीर नोटिसा बहुतेक वाचक न वाचताच पान उलटतात. अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा असल्यास त्याने मुदतीत लेखी हरकत घ्यावी, हा त्यांचा ठरलेला मजकूर. दोन गुंठे जागा घेतानाही आपण ही नोटीस देतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतो आणि फेरफारांच्या नोंदी तपासतो. मात्र लाखाच्या घरात किंमत असलेले डोमेन नाव (संकेतस्थळाचा पत्ता) इंटरनेटवरच्या लिलावात घेताना आपण विक्रेत्याच्या नावापुढील हिरव्या खुणेवर विसंबतो आणि बोली लावून मोकळे होतो. ही खूण नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याबद्दल लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी गेली सोळा वर्षे सांगलीत लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे तयार करून देतो, आणि पुढे जे सांगतो आहे ती चूक माझ्याच हातून झालेली आहे. मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याला निर्यातीसाठी डॉट कॉम शेपटीचे सुटसुटीत नाव हवे होते. ते एका लिलावात निघाले होते आणि आमची ८६,००० रुपयांची बोली मंजूर झाली. खबरदारी म्हणून मी विक्रेत्याला सांगितले की, मी देतो तो बारा अक्षरांचा मजकूर त्या नावाच्या डीएनएसमध्ये (ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदवहीत) टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद म्हणून टाका. दहा मिनिटांत नोंद दिसू लागली. नोंदणीच्या बिलाची पीडीएफ प्रतही त्याने पाठवली. नोंदणीच्या माहितीत मूळ नोंदणी २०११ ची दिसत होती, आणि त्याखालच्याच ओळीत शेवटच्या बदलाची तारीख अवघ्या अकरा दिवसांपूर्वीची होती. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. लिलावाचे कमिशन वाचेल म्हणून पैसे थेट बँकेत पाठवावेत, ही विक्रेत्याची सूचनाही आम्ही मान्य केली.

पाच आठवड्यांनी ते नाव आमच्या खात्यातच गोठवले गेले. परदेशातील एका दुकानदाराने, म्हणजे खऱ्या मालकाने, तक्रार केली होती. त्याचा जुना ईमेल पत्ता ज्या डोमेनवर होता त्याची मुदत संपली होती. कोणीतरी ते डोमेन नव्याने नोंदवले, तोच ईमेल पत्ता पुन्हा उभा केला आणि ‘पासवर्ड विसरलात का’ या दुव्यावरून खाते ताब्यात घेतले. त्यानंतर ते नाव त्याच नोंदणीसंस्थेतील (डोमेन नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीतील) दुसऱ्या खात्यात सरकवून लिलावात मांडले गेले. नाव मूळ मालकाकडे परत गेले आणि ते योग्यच झाले. विक्रेत्याचा फोन मात्र तेव्हापासून बंद आहे, आणि तोपर्यंत छापून झालेल्या हळदीच्या पाच हजार पाकिटांवर आजही हाताने चिकटपट्टी लावणे चालू आहे.

माझी चूक अशी की, मी ताब्याचा पुरावा मागितला आणि तो मालकीचा पुरावा समजलो. डीएनएसमध्ये नोंद टाकता येणे म्हणजे घराची किल्ली हातात असणे, आणि किल्ली चोराच्याही हातात असू शकते. लिलावाच्या बहुतेक संकेतस्थळांवरील ‘पडताळणी’ याच प्रकारची असते. नोंदणीच्या माहितीचेही तसेच आहे. सातबारा हा महसुली दस्तऐवज आहे, त्यावर नाव लागले म्हणजे मालकी निर्विवाद सिद्ध होते असे नाही, हे आपल्याकडे तलाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. डोमेनच्या नोंदीची कायदेशीर किंमत त्याहून जास्त नाही. शिवाय मे २०१८ मध्ये युरोपचा विदासंरक्षण नियम लागू झाल्यापासून या नोंदीतील धारकाचे नाव, पत्ता आणि ईमेल बहुतांशी झाकलेले असते. धारकाच्या गोपनीयतेसाठी ते आवश्यकच होते, पण खरेदीदाराला दिसणारा सातबारा जवळजवळ कोरा झाला.

हे केवळ माझ्यासारख्या लहान माणसाचेच होते असे नाही. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचे, नव्वदच्या दशकापासून चालत आलेले पर्ल डॉट कॉम हे नाव जानेवारी २०२१ मध्ये अचानक दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले दिसले. ते सांभाळणाऱ्या मंडळींच्या अंदाजानुसार नोंदणीसंस्थेला बनावट कागदपत्रे दाखवून मूळ खात्यावर कब्जा झाला होता तो सप्टेंबर २०२० मध्ये. चोरांनी घाई केली नाही. खात्यात बदल झाल्यावर साठ दिवस नाव दुसऱ्या नोंदणीसंस्थेकडे हलवता येऊ नये अशी अडसर असते; ती मुदत उलटू दिल्यावर डिसेंबरमध्ये नाव एका संस्थेकडे आणि जानेवारीच्या अखेरीस दुसऱ्या संस्थेकडे हलवले गेले. मग ते १,९०,००० डॉलर किमतीला विक्रीस मांडलेले आढळले. पर्लच्या जगभरच्या वापरकर्त्यांनी बोभाटा केला म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते परत मिळाले. सांगलीच्या हळदवाल्यामागे असा गोतावळा नसतो.

त्याआधीचे पीटूपी डॉट कॉमचे प्रकरण खरेदीदाराच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. मालकांनी २००५ मध्ये १,६०,००० डॉलरना घेतलेले हे नाव न्यू जर्सीतील एका तरुणाने २००६ मध्ये त्यांच्या खात्यातून चोरले आणि ईबेवरील लिलावात सुमारे १,११,००० डॉलरना विकले. ते घेतले मार्क मॅडसन या व्यावसायिक बास्केटबॉलपटूने, आणि माल चोरीचा असल्याची त्याला कल्पना नव्हती. चोराला अटक व्हायला २००९ साल उजाडले. पुढे त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. वर्षभरापूर्वी जे नाव दीडपटीच्या आसपास भावाने विकले गेले होते ते स्वस्तात का निघाले, एवढा एक प्रश्नही त्या वेळी सावध करणारा ठरला असता.

‘मी प्रामाणिकपणे पैसे मोजले’ हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या १९३० च्या माल विक्री अधिनियमातील कलम २७ नुसार विक्रेत्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून चांगला हक्क खरेदीदाराला, काही अपवाद वगळता, मिळत नाही. डोमेन नाव हा ‘माल’ आहे की केवळ सेवेचा करार, यावर वकील मंडळी वाद घालतील. पण चोरीच्या नावाबाबत नोंदणीसंस्थाही वागतात त्या याच तत्त्वाने. डोमेनच्या वादांसाठी असलेली आंतरराष्ट्रीय लवादपद्धती आणि आपल्या डॉट इनसाठी असलेली तिची भारतीय आवृत्ती मुख्यतः व्यापारचिन्हांच्या भांडणांसाठी आखलेली आहे. फसलेल्या खरेदीदाराचे पैसे परत मिळवून देणे हे तिचे कामच नाही.

मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात चोरीची भीती कमी असते, पण तेथेही बोली जिंकल्यावर मूळ धारकाने सवलतीच्या काळात नूतनीकरण केले तर व्यवहार रद्द होतो. तेवढे दिवस पाकिटे छापू नयेत.

आता मी काय करतो ते सांगतो. नोंदीच्या इतिहासाची सेवा विकत घेऊन धारक, नोंदणीसंस्था आणि डीएनएस कधी बदलले ते पाहतो. शेवटचा बदल सहा महिन्यांच्या आतला असेल तर त्याचे कारण लेखी मागतो. जुन्या पानांचे जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवर त्या नावाचे पूर्वीचे संकेतस्थळ उघडून त्यावरील जुन्या फोन क्रमांकावर, विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, थेट विचारणा करतो. जाहीर नोटिशीची ही माझी घरगुती आवृत्ती. बिलाची पीडीएफ पुरावा म्हणून धरत नाही, कारण ती कोणालाही बनवता येते. पैसे परवानाधारक एस्क्रो सेवेकडेच (व्यवहार पुरा होईपर्यंत रक्कम राखून ठेवणाऱ्या तिऱ्हाइताकडे) ठेवतो, आणि तिचा पत्ता स्वतः टाइप करून उघडतो, कारण बनावट एस्क्रो संकेतस्थळेही असतात.

परंतु ही शहानिशा एकट्या खरेदीदाराच्या गळ्यात मारणे न्याय्य नाही. लिलाव चालवणाऱ्या संस्थांनी नावाच्या किमतीशेजारीच धारक आणि नोंदणीसंस्था बदलल्याच्या तारखा दाखवाव्यात. धारकाची ओळख झाकूनही हे करता येते. ज्या नावाच्या नोंदीत नुकताच बदल झाला आहे ते लिलावात मांडताच त्याच्या आधीच्या धारकाच्या ईमेलवर आणि फोनवर नोंदणीसंस्थेकडून सूचना जावी. अशा व्यवहारातील रक्कम नाव हस्तांतरित झाल्यानंतरही किमान साठ दिवस विक्रेत्याच्या हाती देऊ नये. प्रामाणिक विक्रेते यावर नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. मी स्वतःही अधूनमधून नावे विकतो आणि माझे पैसे दोन महिने अडकलेले मलाही आवडणार नाहीत. तरीही डॉट इन आणि देवनागरीतील डॉट भारत या नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सीने आपल्या मान्यताप्राप्त नोंदणीसंस्थांपासून या नियमाची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
संकेतस्थळ व्यावसायिक व आपला एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली