दोरी धरणाऱ्यांकडूनही दोन शब्द

महोदय,

समलिंगी, ट्रान्सजेंडर लोकांच्या प्राइड मोर्चाचे फोटो छापून येतात, त्यात रंगीबेरंगी कपडे दिसतात. कडेला दोरी धरून उभे असलेले आम्ही स्वयंसेवक दिसत नाही. तक्रार नाही, कडेनंच जास्त दिसतं. यंदा माझ्याकडे पाण्याचं टेबल होतं. साठीच्या एक बाई बराच वेळ नुसत्याच उभ्या. पाणी दिलं तर घेईनात. मग हळूच विचारलं, "आईवडील आले तर चालतं का हो?" त्यांना रांगेत नेऊन सोडलं. तासाभरानं दिसल्या तेव्हा कुणाचा तरी फलक त्यांच्या हातात होता, आणि पाण्याचे दोन ग्लास त्यांनी मागून घेतले!

बाकी काम म्हणजे हमालीच. सकाळी टेबलं मांडा, हरवलेले मोबाइल सांभाळा, संध्याकाळी कचरा गोळा करा. पाय दोन दिवस बोलतात. पण एरवी ऑफिसात तोंड मिटून बसणारी माणसं कचरा वेचताना घडाघडा बोलू लागतात. माझे आजचे निम्मे मित्र त्या पिशव्यांभोवतीच जमले.

अमेरिकी कलाकार गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्राइडचे पहिले इंद्रधनुषी झेंडे केले, ते सुमारे ३० स्वयंसेवकांनी हातानं रंगवले आणि शिवले. तेव्हा पट्टे आठ होते. त्या सगळ्यांची बोटं किती दिवस रंगलेली राहिली असतील, याचं मला भारी कुतूहल आहे.

'मी त्यातला नाही, मी कसा येऊ?' असं पुष्कळांना वाटतं. खुशाल यावं. पाण्याच्या टेबलाला पुढच्या वेळी अजून दोन माणसं हवीच आहेत.

– एक स्वयंसेविका