खल्दूनचा खजिना राहिलाच

रविवार पुरवणीतील इब्न खल्दूनवरचा लेख वाचला. टोळीची एकजूट राज्य मिळवते आणि ऐषआराम ते घालवतो, एवढ्यावरच लेखकाने त्याचा सिद्धांत आटोपला, हे खटकले. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या इतिहासकाराने ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात राज्याच्या ऱ्हासाचे कारण खजिन्यातही शोधले आहे. नव्या घराण्याचे कर हलके, तरी वसुली भरघोस; पुढे दरबाराचा आणि फौजेचा खर्च वाढतो, कर चढतात, शेतकरी-व्यापारी हात आखडतात आणि उत्पन्नच घटते. सुलतानाने स्वतः व्यापारात उतरण्यालाही त्याचा विरोध होता. अनेक दरबारांत कारभार केलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे. राजघराणे तीन पिढ्या, म्हणजे १२० वर्षे टिकते, हा त्याचा हिशेब मात्र ठोकताळाच मानावा. तुर्कांचे उस्मानी (ऑटोमन) घराणे ६०० वर्षे टिकले.

– एक वाचक, सातारा