ट्रॅक्टर धरला आहेस, तर हे वाच

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. तपासणीसाठी अजून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चकरा आहेत, म्हणून आम्ही आणखी काही दिवस इथंच नागपुरात, आत्याकडे. काल काकाचा फोन आला. म्हणे पोरीनं सोयाबीनच्या वावरात कल्टिव्हेटर मारला, तास सरळ धरते. ऐकून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण काका स्वतः कसा चालवतो हे मला ठाऊक आहे, आणि फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" करतेस. म्हणून लिहितो.

परतीचा पाऊस होऊन गेलाय. आपली काळी माती वरून सुकलेली दिसते, खाली नुसता चिखल. नाल्याकडच्या पट्टीत मागचं चाक कधी ना कधी फसणारच. तेव्हा घाबरून रेस वाढवली आणि क्लच झटक्यात सोडला, तर अडकलेलं चाक फिरत नाही, मग इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या धुडालाच मागच्या एक्सलभोवती फिरवतो. पुढची चाकं वर उचलतात. बैल चिखलात अडला की उभा राहतो. हा पाठीमागे उलटतो, आणि सीटवर तू असतेस. उचलला हे नीट कळेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून पुढचं चाक हलकं वाटलं, स्टिअरिंग सैल लागलं, की लगेच क्लच पूर्ण दाब. अवजार हायड्रॉलिकनं वर घे, रिव्हर्स टाक आणि आलीस त्याच चाकोरीतून हळू मागे ये. नाही निघाला तर बंद करून सरळ घरी ये. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढता येतो. चाकाला लाकूड बांधून काढायचा जुगाड काका सुचवेल, त्याला ठाम नाही म्हण. लाकूड जमिनीत अडलं की चाक जाम होतं आणि वर लिहिलं तेच घडतं. काही ओढायचं झालं तर साखळी खालच्या हुकालाच, टॉप लिंकला, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याला, कधीच नाही.

नाल्याचा काठ जितका खोल, निदान तितकं अंतर ठेवून वळ. संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीकडे मात्र मी येईपर्यंत जाऊच नको, तिचा काठ कच्चा आहे.

आता मळणी. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या जोरावर मळणीयंत्र फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक त्यात गेलं तर हात सोडवायलाही सवड मिळत नाही. ओढणी घरी ठेव, वेणी वर बांध. काका दुपट्टा डोक्याला बांधून टोकं लोंबती सोडतो, त्यालाही टोक; तुझं तो ऐकतो, माझं नाही. शाफ्टचं कव्हर त्यानं काढून गोठ्यात टांगलंय, ते आधी चढवायला लाव. भुसा अडकला तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात. शाफ्ट ओलांडायचा नाही, थांबलेला दिसला तरी.

सगळ्यात जड जाईल ते दुसरंच. संध्याकाळी निंदणाऱ्या बाया म्हणतील, "पोरी, गावापर्यंत बसू दे ना वं." मडगार्डवरून माणूस घसरला की सरळ मागच्या चाकाखाली जातो. ट्रॅक्टरला सीट एकच आहे. थकलेल्या बाईला नाही म्हणताना तुझा जीव तुटेल, मला माहीत आहे. बाबा रागावतात म्हणून सांग. माझ्या नावावर खपव.

डांबरी रस्त्यावर, त्यातही काटोल रोडवर, लायसन्स येईपर्यंत मुळीच नाही. पुढे जाशील तेव्हा दोन्ही ब्रेक पेडल खटक्यानं जोडून घ्यायचे. वावरात वळायला सुटे बरे, पण रस्त्यावर वेगात एकच दाबला गेला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

ग्रामीण आरटीओचं काम मी आल्यावर करू, तोवर फोटो काढून ठेव. डिझेल फिल्टर इथून आणतो, मॉडेलचं नाव काकाला विचारून कळव. आईला सांग, आजी नीट जेवते.

तुझे बाबा