पुराचे मेसेज टाकण्याआधी जरा बघा

मंडळी, पाऊस लागलाय आणि ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, "कोयनेतनं पाणी सोडलं, रात्रीत सांगली बुडणार" टाईप. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर डबल बाण दिसला की समजायचं मेसेज बऱ्याच हातांतनं फिरून आलाय, म्हणून तो खरा होत नाही. तारीख बघा, २०१९ च्या पुराचे व्हिडिओ अजून नवे म्हणून येतात. धरणातनं विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी), सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट आणि किती वाजताची, हे नसेल तर टाकूच नका, आकडा असेल तरी पाटबंधारे किंवा जिल्हा प्रशासनाच्या पेजवर ताडून बघा (इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५ फूट). "माझा मेव्हणा धरणावर आहे" हा पुरावा नाही, भले तो खरंच असो. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्यांना सामान वर चढवायचं असतं, त्यांना नेमका आकडा लागतो. निनावी ऑडिओ क्लिप आजपासनं बंद, दिसली की डिलीट करणार.